ज्याचं त्याला

आमच्याकडे परत आलेल्या मालाचं काम आहे. लांबच्या दुकानांचं. ही दुकानं टपालाने माल विकतात, आणि ज्या गिऱ्हाइकाला तो पसंत पडत नाही ते टपालानेच परत करतं. परत करताना खोक्यावर पत्ता घालायचा तो आमचा. दुकानाला परत आलेला माल स्वतःच्या दारात नको असतो. नवा माल पाठवायच्या घाईत जुनी खोकी कोण उघडत बसणार? म्हणून तेरा वर्षं ते काम आमच्या घराच्या खालच्या खोलीत चालतं. वर आम्ही राहतो. म्हणजे आता मी राहतो.

खोलीत चार टेबलं आहेत. खिडकीपाशी लांब टेबल, तिथे खोकी उघडायची. बाकी तीन भिंतीला लागून. डावीकडचं एक नंबरचं, म्हणजे माल नव्यासारखा आहे, परत विकायला चालेल. मधलं दुरुस्तीचं. दारापाशी आहे ते मोडीचं. दर सोमवारी चार वाजता डाव्या टेबलावरचा माल गोणीत भरून दुकानाकडे जातो. प्रत्येक वस्तूला नंबराची चिठ्ठी टाचलेली असते, तो नंबर वहीत असतो, आणि वहीत नाही ते गोणीत नाही.

खोक्यात गिऱ्हाइकाने भरलेली कारणाची चिठ्ठी येते. तिच्यावर पाच कारणं छापलेली असतात. माप चुकलं, रंग वेगळा, मोडकं आलं, उशिरा आलं, इतर. शहाणी माणसं पहिल्या चारांत खूण करतात. बाकीचे ‘इतर’ समोर लिहितात, आणि आमची सगळी करमणूक तिथे. एका बाईंनी टेबलावरचा दिवा परत केला होता आणि लिहिलं होतं, ‘नवऱ्याला आवडला नाही. नवरा परत घेत असाल तर दिवा ठेवते.’ ती चिठ्ठी आमच्या हिने वर्षभर भिंतीला लावून ठेवली होती आणि माझ्याशी बिनसलं की तिच्याकडे बोट दाखवायची.

काम खरं तिचंच. मी खोकी उघडायचो, वजन करायचो, वही लिहायचो. तपासायची ती. तिने दोन नियम घालून दिले होते. पहिला, घडी मोडल्याशिवाय वस्तू पुढे जाणार नाही. कपडा वरून कितीही नवा दिसो, उलगडायचा, बाह्या उलट्या करायच्या, काखेत नाक घालायचं, बटणं मोजायची. दुसरा नियम फळीचा.

दाराच्या वर एक फळी आहे. माणसं घाईने खोकं बांधतात आणि त्यात आपलंच काहीतरी घालून पाठवतात. नव्या जोडाचा उजवा बूट आणि पायातला जुना डावा. चादरीच्या घडीत मोजा. चष्मे तर किती. एकदा चहाच्या किटलीत कवळी निघाली. असल्या वस्तू त्या फळीवर ठेवायच्या आणि शनिवारच्या आत ज्याच्या त्याला पाठवायच्या. वहीत निकालाच्या रकान्यात लिहायचं, ‘ज्याचं त्याला’, आणि जो फळीवरून वस्तू काढेल त्याने सही करायची. कवळी पाठवताना तिला लिहायचं होतं, ‘आपले दात परत करत आहोत, आता हसायला हरकत नाही.’ मी लिहू दिलं नाही. अजून वाटतं, लिहू द्यायला हवं होतं.

फळी इतकी उंच का, असं कोणीही विचारायचं. कारण ती लावली हिने, आणि हिचे हात लांब. साधे लांब नाहीत. उभी राहिली की बोटं गुडघ्याच्या जवळ यायची. पडदे ती स्टूल न घेता काढायची. आळीत सगळे तिला ‘शिडी’ म्हणायचे, तोंडावरही. लांब टेबलाच्या त्या बाजूला ती, या बाजूला मी, आणि माझा चष्मा नाकावर घसरला की ती तिथूनच हात लांब करून वर सारायची. काम थांबवायची नाही. तेरा वर्षांत मी स्वतःचा चष्मा स्वतः किती वेळा वर केला असेल, सांगता येणार नाही.

आठ महिन्यांपूर्वी ती गेली. तीन आठवड्यांचं दुखणं. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

नंतर माझी धाकटी मेहुणी कामाला यायला लागली. दोन गल्ल्या सोडून राहते. आली ती पिशवीत स्वतःचा चहाचा कप घेऊनच आली आणि म्हणाली, “भावोजी, ताईसारखं होणार नाही. पण तुम्ही एकटे इथे खोक्यांशी बोलत बसाल ते मला बघवणार नाही.” बाई मनाची चांगली. तोंड मात्र एक मिनिट बंद नसतं. नजर बहिणीइतकीच तीक्ष्ण आहे. फक्त घडी घालता येत नाही. तिची घडी म्हणजे गाठोडं. म्हणून ती घालायची आणि मी उलगडून पुन्हा घालायचो, आणि दर वेळी तिला वाटायचं मी तिचं काम तपासतोय.

“नियम आहे,” मी म्हणायचो.

“नियम मला. ताईची घडी कधी उलगडली होतीत?”

हे खरं होतं. हिची घडी मी कधी मोडली नाही. बाह्या मागे आडव्या, मनगटं आत खोचलेली, खालून तीन दुमडी, आणि गळा असा वर की आतली दुकानाची पट्टी पिशवीतून वाचता यावी. तशी घडी डाव्या टेबलावर दिसली की ती तपासून झाली असं समजायचं. मी नंबर टाचायचो आणि पिशवीत सरकवायचो.

आता स्वेटरचं सांगतो.

आम्ही ज्या दुकानांचं काम करतो त्यांतलं एक लोकरीचे कपडे विकतं. त्यांचा एक राखाडी स्वेटर आहे, पुढून सहा बटणांचा. वर्षानुवर्षं तोच विकतात आणि थंडीत पुरत नाही. पाच वर्षांपूर्वी त्यातला एक मनगटाशी इस्त्रीने जळून परत आला. दुकान म्हणालं, मोडीत टाका. आम्ही दुकानाला विचारून तो ठेवून घेतला. हिने दोन्ही मनगटं उसवली, त्याच राखाडी लोकरीने पुन्हा विणली, आणि विणतेच आहे तर म्हणून चार बोटं वाढवली. आयुष्यात पहिल्यांदा तिला बाह्या पुरल्या. पाच थंड्या तिने तोच घातला. गळ्यातली दुकानाची पट्टी तशीच राहिली होती.

ती गेल्यावर तो खालच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला होता. मी हात लावला नव्हता. खिळ्याला आहे, एवढं पुरे होतं.

लेक दुसऱ्या गावी असते. महिन्यातून एकदा शनिवारी येते, सोमवारी सकाळच्या गाडीने जाते. त्या वेळी आली तेव्हा थंडी सुरू झाली होती. तिने घरातले सगळे कपडे काढून धुतले. सोमवारी ती गेली. साडेनऊला मेहुणी आली, दहाला टपालवाला येऊन बारा खोकी टाकून गेला, चार वाजता गोणी गेली. दिवस कसा गेला कळलं नाही. संध्याकाळी लेकीचा फोन आला.

“बाबा, घातलात का?”

“काय घातलं?”

“स्वेटर. आईचा. खाली तुमच्या पाठीला खिडकीतून वारा लागतो ना, म्हणून धुऊन, वाळवून ठेवला होता. टेबलावर. दिसला नाही?”

“कुठल्या टेबलावर?”

“डावीकडच्या. तिथे जागा होती.”

“बघतो,” मी म्हणालो आणि फोन ठेवला.

खाली गेलो. दारामागे खिळा मोकळा. डावं टेबल मोकळं, सोमवारी संध्याकाळी ते मोकळंच असतं. मधल्या टेबलाच्या कोपऱ्यावर मात्र एक राखाडी गाठोडं होतं. उचललं. सहा बटणांचा स्वेटर, कोरा, गळ्यात पट्टी, आणि नंबराची चिठ्ठी नाही. सकाळच्या यादीत राखाडी स्वेटर एक, असं माझ्या हातचं लिहिलेलं. तो एक हा. मेहुणीने घडी घातली होती आणि मी तिला सवयीने म्हणालो होतो, ठेव तिकडे, मी उलगडतो. मग डाव्या टेबलावर राखाडी स्वेटर नीट घडी घातलेला दिसला. मला वाटलं, हा तो. नंबर टाचला, पिशवीत सरकवला, पिशवी गोणीत टाकली.

बायकोचा स्वेटर मी माझ्या हाताने एक नंबर ठरवून विकायला पाठवला होता.

मी तिथेच खुर्चीवर बसलो. चोरी झाली असती तर चोराला दोन शिव्या दिल्या असत्या. एकतीस वर्षं संसार केला, पाच थंड्या तो समोर बघितला, आणि हातात आला तेव्हा ओळखला नाही.

मंगळवारी मी दुकानाला फोन केला नाही. लाज वाटली. लाजेचा तो एक दिवस महागात पडला, पण ते पुढे. मेहुणीला मात्र सांगावं लागलं, कारण ती आल्या आल्या म्हणाली, “हा इथे कसा? काल गेला ना?”

मी सांगितलं.  मला वाटलं, आता रडेल.

“म्हणजे,” ती म्हणाली, “माझी घडी वाईट म्हणून दुकानाचा स्वेटर वाचला.”

“तसंच.”

“आणि आठ महिने माझं गाठोडं तीनतीनदा उलगडता! ताईच्या घडीत कोणी विटा घालून दिल्या असत्या तरी तुम्ही नंबर टाचून पाठवल्या असत्यात.”

“घडी तिची नव्हती. लेकीने घातली होती.”

“शिकवली कोणी?”

मग ती रडली, पण थोडंच, आणि रडता रडता चहा टाकला.

बुधवारी फोन केला. दुकानात परतीच्या मालाचं टेबल बघणाऱ्या एक बाई आहेत. तेरा वर्षं त्यांचा आवाज ओळखतो, चेहरा कधी बघितला नाही. मी सगळं सांगितलं. त्यांनी थांबा म्हटलं आणि बराच वेळ नुसती पावलं ऐकू आली.

“काका, गोणी काल सकाळी उघडली,” त्या म्हणाल्या. “त्या मापाच्या राखाडीची एक मागणी अडून होती. नंबर होता, चिठ्ठी होती, तुमच्याकडून आलेला. आम्ही तुमचा माल पुन्हा बघत नाही. अकरा वाजता गेला.”

“कोणाकडे?”

“पत्ता देता येत नाही हो. नियम आहे.”

“नियम बरोबर आहे.”

“मागणी कार्डावर आली होती, फोन नंबर नाही. मी त्यांना कार्ड टाकते. चुकून वापरलेला गेला, परत पाठवा, नवा पाठवू. तुमच्याकडचा कोरा सोमवारी द्या, तो त्यांच्यासाठी बाजूला ठेवते. कारण काय लिहू?”

“वापरलेला, एवढंच. बाकी काही नको.”

“पाठवतीलच असं नाही, काका. मुदत एकवीस दिवसांची. आवडला असेल तर ठेवून घेतील, आणि मग मला काही म्हणता येत नाही.” मग म्हणाल्या, “तेरा वर्षांत तुमच्याकडची ही पहिली चूक.”

“आमच्याकडची नाही,” मी म्हणालो. “माझी.”

तेव्हापासून मी परत येणाऱ्या मालाची वाट बघायला लागलो. तेरा वर्षं आम्हाला वाटायचं, आज खोकी कमी येवोत. आता दहा वाजायच्या आधीच मी दारात.

टपालवाला आमचा जुना. अंगाने जाडजूड, गाडीतून उतरताना गाडी एका बाजूने वर येते. मेहुणीच्या पोटात काही राहत नाही, तिने दुसऱ्या दिवशीच त्याला सांगितलं. तेव्हापासून तो खोकी आणि पुडकी दाबून बघायला लागला.

“काका, आज तीन मऊ आहेत,” तो दारातूनच ओरडायचा.

एकात उशीचे अभ्रे. दुसऱ्यात टॉवेल, ‘अंग पुसलं जात नाही, नुसतं सरकतं’ असं लिहिलेले. तिसऱ्यात राखाडी स्वेटर निघाला. मेहुणीने कात्री ठेवली. मी उलगडला. माप लहान, बाह्या साध्या. तो तपासून एक नंबरला ठेवला. टपालवाला अजून दारातच होता. “नाही?” म्हणाला. “नाही,” म्हणालो. “लोकांना कळत नाही काय परत करायचं ते,” म्हणून तो गेला.

खरी भीती होती ती लेकीची. रोज संध्याकाळी फोन, रोज तोच प्रश्न.

“घातलात का?”

“आज ऊन होतं.”

“आज?”

“आज खोकी उचलून घाम आला.”

“आज तरी?”

खोटं बोलायचं तर लक्षात ठेवावं लागतं, आणि माझी सगळी आठवण वहीत असते. अकराव्या दिवशी तिचा आवाज बदलला.

“बाबा, नसेल घालवत तर राहू दे. मी उगाच खिळ्यावरून काढला. तुम्हाला न विचारता धुतला. तिचा वास गेला असेल. म्हणून घालत नाही ना?”

आता ती स्वतःला दोष द्यायला लागली म्हटल्यावर गप्प राहणं शक्य नव्हतं. मी सांगितलं. डावं टेबल, गाठोडं, नंबर, गोणी, अकरा वाजता गेला ते सगळं. 

“ऐकतेयस ना?”

“पण तुम्ही न उलगडता पाठवला? तुम्ही तर रुमालसुद्धा उलगडता.”

“घडी बघितली. मनगटं आत खोचलेली, गळा वर. म्हटलं, हिने तपासलंय.”

हे मी बोललो तेव्हा मला स्वतःला पहिल्यांदा ऐकू आलं. हिने तपासलंय. त्या सोमवारी दुपारी डाव्या टेबलावर ती घडी बघितली तेव्हा मला असं वाटलं नाही की आठ महिन्यांत ही घडी इथे दिसली नव्हती, आज कुठून आली. काहीच वाटलं नाही. रोजच्यासारखं वाटलं. ती मागे कुठेतरी आहे, दुरुस्तीच्या टेबलापाशी दोरा ओवतेय, आणि हा तिने माझ्यासाठी तयार करून ठेवलाय. नंबर टाचेपर्यंत, म्हणजे अर्धं मिनिट असेल, ती घरात होती.

“घडी माझी होती, बाबा,” लेक म्हणाली.

“हो. ते मला संध्याकाळी कळलं.”

“इतकी तिच्यासारखी?”

“मी नंबर टाचला,” मी म्हणालो. “आणखी काय सांगू?”

ती हसली की रडली, फोनवर कळत नाही. नाक ओढलं एवढं ऐकू आलं. मग म्हणाली, “मला आईने ती घडी शिकवली तेव्हा चौदा वेळा मोडली होती. म्हणाली होती, तुझे बाबा हिच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवतात, तेव्हा नीट घाल.”

त्या रात्री बऱ्याच दिवसांनी मला झोप लागली. स्वेटर गेलाच होता, त्यात काही बदललं नव्हतं. पण ओळखला नाही हे जे टोचत होतं त्याची धार गेली. मेहुणीला सकाळी सांगितलं तर ती म्हणाली, “मी पहिल्याच दिवशी तेच म्हटलं होतं, विटांचं. पण आमचं कोण ऐकतंय?”

तरी वाट बघणं सुटलं नाही. बारावा दिवस, तेरावा. पंधराव्या दिवशी पावणेदोन डझन खोकी आली, बहुतेक सगळी चहाच्या किटल्यांची, कारण एका दुकानाने झाकण न बसणारा अख्खा गठ्ठा विकला होता. मेहुणी म्हणाली, “भावोजी, प्रत्येकीत हात घालून बघा, दात असतील.” आम्ही दिवसभर झाकणं लावून बघत होतो आणि दिवस चांगला गेला.

सतराव्या दिवशी, गुरुवारी, टपालवाला ओरडला नाही. एकच पुडकं दोन्ही हातांत धरून आत आला आणि लांब टेबलावर ठेवलं.

“मऊ आहे,” एवढंच म्हणाला, आणि गेला नाही.

पुडकं सुतळीने बांधलेलं होतं, गाठी नीट मारलेल्या. आम्ही सुतळी कापत नाही, सोडवून गुंडाळून ठेवतो. त्या दिवशी तीन गाठी सुटेपर्यंत मेहुणी गप्प होती, हे मुद्दाम नोंदवतो. कागद काढला. राखाडी. बाह्या मनगटाशी दोनदा दुमडलेल्या, दुमडीच्या खुणा पडलेल्या. दुमड सोडली. वीण हिची होती. काठाला एक टाका उलटा, एक सुलटा, आणि शेवटची ओळ घट्ट, तिला सैल मनगट आवडायचं नाही.

मी नियमाप्रमाणे पूर्ण उलगडला. बाह्या उलट्या केल्या. बटणं मोजली, सहा. काखेत नाक घातलं. कुठल्यातरी साबणाचा वास होता, आमच्या घरातला नव्हता. चांगला होता.

“चिठ्ठी,” मेहुणी म्हणाली. “चिठ्ठी वाचा.”

माझा चष्मा घसरला होता. तिनेच वाचली. ‘माप चुकलं’ समोर खूण होती आणि खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं:

‘बाह्या फार लांब. माझे हात काही आखूड नाहीत, तरी दोनदा दुमडाव्या लागल्या. इतके लांब हात कोणाचे असतात? बाकी तक्रार नाही. तुमचं कार्ड येईपर्यंत हा वापरलेला आहे असं मला वाटलं नव्हतं. कार्ड आल्यावरही चार दिवस घातला कारण थंडी होती, उगाच खोटं कशाला लिहू. उबदार आहे. नवा पाठवताना बाह्या बघून पाठवा.’

“इतके लांब हात कोणाचे असतात!” मेहुणी म्हणाली आणि खुर्चीवर बसली. पोट धरून हसायला लागली. टपालवाला हसायला लागला तशी खिडकीची काच हलली. मग मीही. तिच्यावर असं आठ महिन्यांत कोणी हसलं नव्हतं. ती असती तर तिने ती चिठ्ठी भिंतीला लावली असती. मी लावली, जिथे दिव्यावाली होती तिथेच.

“वहिनी होत्या तेव्हा,” टपालवाला डोळे पुसत म्हणाला, “मी गाडीतून उतरायचोच नाही. त्या दारातून हात लांब करून खोकी घ्यायच्या.” हे काही खरं नाही, पण आम्ही दोघांनी मान हलवली.

तो गेल्यावर मी वही उघडली. नंबर लिहिला. काय आलं, राखाडी स्वेटर एक. कारण, बाह्या लांब. निकालाच्या रकान्याशी हात थांबला. डावीकडे, मध्ये की दाराशी? मेहुणी माझ्या खांद्यावरून बघत होती.

“विचार कसला करताय? फळी कशाला आहे?”

मी लिहिलं, ‘ज्याचं त्याला’. फळीपर्यंत माझा हात पोचत नाही. मेहुणीचाही नाही. स्टूल आणलं, चढलो, स्वेटर फळीवर ठेवला, उतरलो.

“आता?” मी म्हणालो.

“आता चढा आणि काढा. आणि सही करा. जो काढेल त्याने सही करायची, ताईचा नियम आहे.”

“आत्ताच ठेवला.”

“शनिवारपर्यंत थांबायचं असेल तर थांबा. पाठीला वारा तुमच्या लागतो.”

चढलो, काढला, सही केली. घातला. खांद्यात बरा बसला. बाह्या बोटांच्या खाली लोंबत होत्या. मेहुणीने त्या अनोळखी बाईच्या खुणांवरच दोनदा दुमडून दिल्या.

दुपारी दुकानाला फोन करून आला म्हणून कळवलं. त्या बाई म्हणाल्या, “बरं झालं, काका. नवा आजच पाठवते. काही विशेष बघून पाठवायचंय?”

“बाह्या,” मी म्हणालो. “साध्या असू द्या.”

सोमवारी गोणी भरताना डाव्या टेबलावर मेहुणीच्या हातचा एक सदरा होता. मनगटं आत, गळा जवळजवळ वर. गुपचूप सराव करत असावी. मी काही न बोलता नंबर टाचला आणि पिशवी घेतली.

“भावोजी,” ती म्हणाली. “उलगडा.”

“बरा दिसतोय.”

“बरा दिसला म्हणूनच मागे काय झालं? उलगडा गुमान.”

मी उलगडला. तिसरं बटण नव्हतं. सदरा मधल्या टेबलावर गेला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

“घातलात का?”

“घातलाय.”

“आणि बाह्या?”

“दोनदा दुमडल्यात.”